कजेवा ते चांगी : युद्धकाळातील ग्रामीण फुटबॉलच्या प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार

आज प्रकल्पाची पहिली बैठक झाली. ऑस्ट्रेलियातील वोडोंगा परिसरातील आम्ही पाच स्वयंसेवक मिळून २५ एप्रिलच्या अँझॅक दिनापूर्वी, म्हणजे इथल्या सैनिकांच्या स्मृतिदिनापूर्वी, सात फलकांचे एक छोटे प्रदर्शन उभे करणार आहोत. ईशान्य व्हिक्टोरियातील खेड्यापाड्यांच्या फुटबॉल क्लबांचे दोन महायुद्धांच्या काळात काय झाले, हा त्याचा विषय आहे. माझ्या वाट्याला कजेवा हे गाव आणि त्याच्या भोवतीचे अपर मरे खोरे आले आहे. फलकांचा मजकूर इंग्रजीत असेल, पण या नोंदी मी मराठीत ठेवते आहे, कारण इथल्या मराठी घरांतील मुले आता शनिवारी सकाळी ऑसकिकच्या, म्हणजे लहान मुलांच्या फुटबॉल वर्गाच्या, मैदानावर जाऊ लागली आहेत आणि आपली मुले ज्या मैदानावर धावतात त्या मैदानाचा इतिहास त्यांच्या आईवडिलांनाही ठाऊक असावा, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की जो खेळ डोळ्यांसमोर येतो, तो हा नव्हे. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल उन्हाळ्यातल्या क्रिकेटच्याच लंबगोल मैदानावर हिवाळ्यात खेळला जातो. प्रत्येक बाजूला अठरा खेळाडू असतात, चेंडू लांबट असतो आणि मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने गेला तर गोल, म्हणजे सहा गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर बिहाइंड, म्हणजे एक गुण. खेड्यात हा नुसता खेळ नसतो. शनिवारी सगळे गाव मैदानावर जमते, आठवडाभर एकमेकांना न भेटलेले शेतकरी तिथे भेटतात, आणि क्लब बंद पडला तर गावाचा आठवडाच पोकळ होतो.

कामाचा एक नियम आज ठरला. सेवानोंद, त्या काळचे वर्तमानपत्र किंवा संग्रहालयातील वस्तू यांपैकी एकाचा तरी आधार असल्याशिवाय कोणतेही वाक्य फलकावर जाणार नाही.

७ फेब्रुवारी, बुधवार

संध्याकाळचे तीन तास वाचनात गेले. पहिल्या महायुद्धातील ऑस्ट्रेलियन सैनिकांच्या सेवानोंदी राष्ट्रीय अभिलेखागाराने संपूर्ण डिजिटल केल्या आहेत आणि राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह'वर त्या काळची वर्तमानपत्रे घरबसल्या वाचता येतात. यंत्राने वाचलेल्या मजकुरात चुका फार असतात आणि त्या दुरुस्त करण्याचे काम जगभरचे वाचक हौसेने करतात. आज मीही तासभर तेच केले. जखमींच्या एका यादीत एकच आडनाव तीन वेगवेगळ्या रूपांत छापल्यासारखे दिसत होते. मूळ पानाची प्रतिमा मोठी करून पाहिली, तेव्हा तिन्ही ठिकाणी ते एकाच पद्धतीने लिहिलेले निघाले. तीन माणसे वाटत होती, ती खरोखरच तीन भाऊ असावीत इतकी जवळची नावे होती. पुढचे काही वाचण्याआधी मी थोडा वेळ थांबले.

पहिल्या महायुद्धाचा हिशोब मांडताना अठरा हा आकडा सारखा आडवा येतो. शहरातील मोठ्या क्लबकडे राखीव खेळाडूंची फळी असते. खेड्यात अठरा तरुण जमवतानाच धाप लागते. सहा गावांची लीग चालवायची तर दर शनिवारी एकशे आठ धडधाकट माणसे लागतात, आणि सैन्यभरतीला हवी होती ती माणसेही नेमकी तीच. ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या त्या वेळी पन्नास लाखांहून कमी होती. त्यातून ४,१६,८०९ जण स्वेच्छेने सैन्यात दाखल झाले आणि त्यांपैकी साठ हजारांहून अधिक परतले नाहीत. सक्तीच्या भरतीचा प्रश्न सरकारने २८ ऑक्टोबर १९१६ आणि २० डिसेंबर १९१७ असा दोनदा जनतेपुढे ठेवला, आणि दोन्ही वेळा जनतेने नकार दिला. त्यामुळे जाणारा प्रत्येक जण आपल्या पायांनी गेला, आणि न जाणाऱ्या प्रत्येकाला शनिवारच्या मैदानावर सगळ्या गावाच्या नजरेला सामोरे जावे लागले.

'देश युद्धात असताना खेळायचे का?' हा वाद १९१५ पासून सगळीकडे पेटलेला होता. मेलबर्नच्या व्हिक्टोरियन फुटबॉल लीगमध्ये (व्हीएफएल) १९१६ साली फक्त चार क्लब उतरले : कार्लटन, कॉलिंगवुड, फिट्झरॉय आणि रिचमंड. त्या वर्षी फिट्झरॉय गुणतक्त्यात तळाला राहिला आणि अंतिम फेऱ्यांत सर्वांना हरवून विजेताही ठरला. चारच संघ असल्यामुळे चौघेही अंतिम फेऱ्यांत पोहोचले होते, म्हणून हे घडू शकले. दक्षिण ऑस्ट्रेलियाची मुख्य लीग १९१६ ते १९१८ हे तीन हंगाम थांबली. आमच्या भागातील ओव्हन्स अँड मरे लीग १८९३ सालची. तिच्या हंगामांतही दोन्ही युद्धांनी खंड पाडला.

इथे फुटबॉलचा हंगाम एप्रिल-मे ते सप्टेंबर असा असतो. फ्रान्समधील फ्रोमेलची लढाई १९ आणि २० जुलै १९१६ ला झाली आणि एका रात्रीत ५,५३३ ऑस्ट्रेलियन सैनिक मारले गेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. तिच्या पाठोपाठ पोझिएरची लढाई सुरू झाली. म्हणजे मृतांच्या सर्वांत लांब याद्या गावोगावच्या वर्तमानपत्रांत पोहोचल्या त्या ऐन हंगामात, जेव्हा एरवी त्याच पानांवर शनिवारचे संघ छापून येत असत. पहिल्या फलकाचा गाभा मला इथे सापडला असे वाटते.

११ फेब्रुवारी, रविवार

लंडनच्या सामन्याची चौकट लिहून झाली. २८ ऑक्टोबर १९१६ ला लंडनच्या क्वीन्स क्लब मैदानावर ऑस्ट्रेलियन सैनिकांनी ऑस्ट्रेलियन रूल्सचा प्रदर्शनीय सामना खेळला. तिसऱ्या डिव्हिजनचा संघ एका बाजूला आणि प्रशिक्षण तुकड्यांचा संघ दुसऱ्या बाजूला. तिसरी डिव्हिजन ५२ विरुद्ध ३६ गुणांनी जिंकली. सक्तीच्या भरतीवरील पहिले मतदान ऑस्ट्रेलियात त्याच शनिवारी होत होते. त्या दिवशी लंडनमध्ये चेंडूमागे धावणाऱ्यांपैकी अनेक जण महिन्याभरात फ्रान्सकडे निघाले, कारण जनरल मोनॅश यांच्या नेतृत्वाखालील तिसरी डिव्हिजन नोव्हेंबरात तिकडे गेली. ही चौकट मी तीनदा लहान केली, तरी ती अजून लांब आहे.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

आजचीच तारीख, १९४२ साल : सिंगापूर पडले. आठव्या डिव्हिजनचे सुमारे पंधरा हजार ऑस्ट्रेलियन सैनिक एका दिवसात कैदी झाले. त्यांच्याबरोबर हजारो भारतीय सैनिकही शरण गेले, आणि दोनच दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, त्यांना फॅरर पार्कच्या मैदानावर गोळा करून ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सैनिकांपासून वेगळे करण्यात आले. आझाद हिंद सेनेच्या इतिहासात आपण ज्या मैदानाचे नाव वाचतो, ते हेच. माझ्या फलकावर या गोष्टीला जागा नाही, पण इथल्या शाळेतील मराठी मुलांना प्रदर्शन दाखवताना मी ती तोंडी नक्की सांगणार आहे.

दुसऱ्या फलकाची कल्पना आज सुचली. मलाया गेले तसे रबरही गेले. रबर नाही तर टायर नाहीत, टायर नाहीत तर शेजारच्या गावाला संघ न्यायला मोटार नाही, आणि चेंडूच्या आतला फुगाही रबराचाच. ज्या घटनेने अपर मरे खोऱ्यातला खेळ थांबवला, त्याच घटनेने खोऱ्यातल्या एका खेळाडूला सिंगापूरमधील चांगीच्या युद्धकैदी छावणीत नेऊन सोडले. एक फलक, दोन मैदाने, एक तारीख. मसुदा रात्री साडेअकराला पूर्ण झाला आणि मी समाधानाने झोपले.

१८ फेब्रुवारी, रविवार

मसुदा मागे घ्यावा लागला. आमच्या गटात एक निवृत्त शिक्षक आहेत. वय ऐंशीच्या पुढे, आणि जन्मापासून याच भागात वास्तव्य. त्यांनी शांतपणे एवढेच विचारले की ओव्हन्स अँड मरे लीग १९४१ च्या हंगामापासूनच बंद होती, तर तिला १९४२ च्या फेब्रुवारीने कसे बंद केले? त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. सुंदर जुळणाऱ्या तारखेच्या मोहात मी कार्यकारण उलटे लावले होते. नोंद वहीत राहावी म्हणून क्रम पुन्हा मांडते.

जानेवारी १९४० पासून एकवीस वर्षांच्या अविवाहित तरुणांना तीन महिन्यांचे लष्करी प्रशिक्षण सक्तीचे झाले. एकवीस वर्षांचा अविवाहित तरुण म्हणजे खेड्यातल्या फुटबॉल संघाचा कणा. त्याच वर्षी जूनमध्ये फ्रान्स पडले आणि स्वेच्छेने भरती होणाऱ्यांची रीघ लागली. आठवी डिव्हिजन जुलैमध्ये उभी राहिली ती याच लाटेतून. ऑक्टोबर १९४० पासून पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले, म्हणजे १९४१ चा हंगाम आखायला बसलेल्या क्लबांच्या हाती पेट्रोलच्या मोजक्या चिठ्ठ्याच होत्या. ग्रामीण लीग थांबल्या त्या माणसे आणि रस्ते या दोन कारणांनी, आणि जपान युद्धात उतरण्याच्या आधी. १९४२ ने त्या बंद दारावर कुलूप चढवले : टायरांवर निर्बंध आले, कामाच्या दिवशी होणाऱ्या सामन्यांना मनाई झाली, मनुष्यबळ खाते कोणी कुठे काम करायचे ते ठरवू लागले, आणि जूनपासून कपड्यांनाही कूपन लागू लागले, त्यामुळे अठरा लोकरी जर्सींचा नवा संच ही चैनीची गोष्ट झाली.

शहराशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. व्हीएफएल दुसऱ्या महायुद्धात एकही हंगाम थांबली नाही. मेलबर्न क्रिकेट ग्राउंड १९४२ मध्ये लष्करी वापरासाठी ताब्यात घेतले गेले, तेव्हा त्या वर्षीचा अंतिम सामना प्रिन्सेस पार्कवर खेळवला गेला. मात्र जिलाँग क्लब १९४२ आणि १९४३ या दोन हंगामांत उतरू शकला नाही, आणि त्याचे कारण प्रवासावरील निर्बंध हे होते. जिलाँग मेलबर्नपासून जेमतेम पंचाहत्तर किलोमीटरवर, मुख्य रेल्वेमार्गावर आहे. जिलाँगला जे जमले नाही, ते डोंगरातल्या खेड्यांना कसे जमावे? ग्रामीण फुटबॉलचा इतिहास मुळात रस्त्यांचा इतिहास आहे, हे मला या प्रश्नाने पटवून दिले, आणि माझा दुसरा फलक आता त्यावर उभा राहील.

शिक्षकांना मी फोन करून आभार मानले. "अगं, मी तेव्हा पाळण्यात होतो," या अर्थाचे काहीतरी ते इंग्रजीत म्हणाले आणि लगेच मला लीगच्या विजेत्यांची यादी पाठवून दिली.

२ मार्च, शनिवार

आज कजेवाला जाऊन आले. वोडोंगाहून मरे व्हॅली हायवेने निघाले की शंभराहून अधिक किलोमीटर पूर्वेला हे गाव येते आणि त्याच्या पुढे कॉरियाँग. वाटेत टलँगाटा लागते. ह्यूम धरणाचा जलाशय वाढवताना हे अख्खे गाव १९५० च्या दशकात उचलून नव्या जागी वसवले गेले. पुढे घाट चढतो आणि झाडी दाट होते. वोडोंगा ते कजेवा रेल्वे १९२१ मध्ये पूर्ण झाली होती आणि तिच्यावरचे शेली हे व्हिक्टोरियातील सर्वांत उंचावरचे स्टेशन होते. आता रूळ नाहीत; त्या मार्गाच्या काही भागांवरून सायकली धावतात.

गाडी मी मुद्दाम सावकाश चालवली. ताशी शंभरच्या वेगाने हा रस्ता सोपा वाटतो, पण १९४० चा विचार करताना डोळ्यांसमोर आणायची ती कोळशाच्या धुरावर चालणारी मोटार. पेट्रोल मिळेना तेव्हा लोकांनी गाड्यांच्या मागे किंवा पुढे गॅस तयार करणारी टाकी बसवली. तिच्यात कोळसा पेटवायचा, निघालेला वायू इंजिनाला द्यायचा. गाडीची ताकद घटते, चढावर ती धापा टाकते, आणि थांबल्यावर राख काढून टाकी पुन्हा भरावी लागते. अशा गाडीतून बारा-पंधरा माणसे सामन्याला नेणे आणि अंधार पडायच्या आत गायींचे दूध काढायला परत आणणे कितपत शक्य होते, याचे उत्तर तो घाटच देतो. दुधाचा धंदा करणाऱ्याला शनिवारची सुट्टी नसते; दिवसात दोनदा गोठा त्याला बोलावतोच.

२०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या सुरुवातीला या परिसरात भीषण वणवा पेटला होता. चार वर्षांनंतरही काळ्या बुंध्यांवर हिरवे कोंब लोकरीसारखे गुंडाळलेले दिसतात. घराघरांत, कपाटांत, खोक्यांत ठेवलेली जुनी छायाचित्रे आणि वह्या किती लवकर नाहीशा होऊ शकतात, याचा धडा इथल्या माणसांना वेगळा देण्याची गरज नाही. आम्ही मूळ वस्तू मागत नाही. स्कॅन करतो आणि त्याच दिवशी परत देतो. आज सहा छायाचित्रे मिळाली. तांत्रिक नोंद : सर्व ६०० डीपीआयवर, दोन्ही बाजूंनी, कारण मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली नावे पुष्कळदा पुढच्या चित्राहून मोलाची असतात.

९ मार्च, शनिवार

चांगीचा फलक. आठवडाभर रोज रात्री याच्यावरच बसले आहे.

पीटर चिटी हा कजेवाचा फुटबॉलपटू. १९३६ मध्ये तो मेलबर्नच्या सेंट किल्डा क्लबकडून व्हीएफएलचे दोन सामने खेळला होता. युद्धात तो आठव्या डिव्हिजनबरोबर रुग्णवाहिका दलात गेला आणि सिंगापूर पडले तेव्हा कैदी झाला. चांगीत ऑस्ट्रेलियन कैद्यांनी १९४२ मध्ये आपली फुटबॉल लीग सुरू केली, आणि संघांना व्हीएफएलच्या क्लबांची नावे दिली. ती उभी करणाऱ्यांत विल्फ्रेड स्मॉलहॉर्न होते, फिट्झरॉयचे खेळाडू आणि १९३३ च्या ब्राउनलो पदकाचे मानकरी. लीगमधील सर्वोत्तम आणि खिलाडूपणे खेळणाऱ्या खेळाडूला मिळणारे ब्राउनलो हे या खेळातील सर्वांत मानाचे वैयक्तिक पदक. मेलबर्नमध्ये १९४२ ते १९४५ ही चार वर्षे ते कोणालाही दिले गेले नाही. चांगीत मात्र दिले गेले. २४ जानेवारी १९४३ ला व्हिक्टोरिया विरुद्ध उर्वरित ऑस्ट्रेलिया असा अखेरचा मोठा सामना हजारो कैद्यांसमोर झाला, आणि त्या लीगचे 'चांगी ब्राउनलो' कजेवाच्या पीटर चिटीला मिळाले.

हे सगळे लिहिताना एक गोष्ट मला टोचत होती. वाचणाऱ्याला असे वाटू नये की छावणीत मजेत सामने चालले होते. म्हणून सेलारंगची घटना याच फलकावर घेतली. पळून जाणार नाही अशा लेखी हमीवर सही करायला कैद्यांनी नकार दिला, तेव्हा ऑगस्टअखेरीस १९४२ मध्ये पंधरा हजारांहून अधिक माणसांना सेलारंग बराकीच्या चौकात आणि भोवतीच्या इमारतींत दिवसेंदिवस कोंबून ठेवण्यात आले. फुटबॉल लीगही याच वर्षातली. जेवणाला मोजून भात, अंगात जीवनसत्त्वांचा अभाव, पाय सुजलेले, आणि तरीही अठरा विरुद्ध अठरा. खेड्यात वाढलेल्या माणसाला शनिवार म्हणजे काय हे माहीत असते. तो शनिवार त्यांनी काटेरी तारेच्या आत पुन्हा उभा केला, असे मला वाटते, आणि हे माझे मत असल्यामुळे ते फलकावर जाणार नाही, इथेच राहील.

त्यानंतर खेळ उरलाच नाही. माणसे बर्मा-थायलंड रेल्वेकडे पाठवली जाऊ लागली. ऑक्टोबर १९४२ ते ऑक्टोबर १९४३ या वर्षभरात जंगल कापून ४१५ किलोमीटरचा मार्ग बांधला गेला; त्यावर सुमारे २,८०० ऑस्ट्रेलियन कैदी मेले, आणि मलायातून नेलेले तमिळ मजूर व इतर आशियाई कामगार तर त्याच्या कितीतरी पट. चिटीही त्या रेल्वेवर होता. तो जगला, परत आला आणि त्याला ब्रिटिश एम्पायर मेडल मिळाले.

१२ मार्च, मंगळवार

चांगी फलक : ३१० शब्द. मर्यादा १८०. सेलारंग ठेवले, लीगच्या कामकाजाचा परिच्छेद काढला.

२३ मार्च, शनिवार

आज एका आजींनी त्यांच्या वडिलांचा जुना चेंडू दाखवायला आणला. जुन्या उशीच्या खोळीत गुंडाळलेला होता. मी हातमोजे घालून टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवला. चार पाकळ्यांचे चामडे, शिवण हातची, मेणाच्या दोऱ्याची. रंग मुळात लालसर असावा, आता तो जुन्या खोगिराच्या रंगावर गेला आहे. चेंडू बसला आहे, म्हणजे एका बाजूने आत दबला आहे. वरच्या फटीत चामड्याची नाडी ओवलेली आहे आणि ती इतकी वाळली आहे की स्पर्श करायलाही भीती वाटावी. नाडी न सोडता फटीतून बारीक टॉर्चने आत पाहिले. रबराचा फुगा करपल्यासारखा तडकलेला होता, आणि त्याच्यावर एक चौकोनी थिगळ होते. सायकलच्या ट्यूबचे, कडा कात्रीने नीट गोल केलेले. कोणीतरी हा फुगा फेकून न देता जपून दुरुस्त केला होता. कोपरे गोल केले की थिगळ उचकटत नाही, हे माझ्या वडिलांनीच मला सांगलीच्या घराच्या ओट्यावर सायकल दुरुस्त करताना शिकवले होते.

आजींना मी ते थिगळ टॉर्चने दाखवले. इतकी वर्षे चेंडू घरात असून त्यांनी ते कधी पाहिले नव्हते. त्या बराच वेळ वाकून पाहत राहिल्या, मग त्यांनी मला ते त्यांच्या नातवालाही दाखवायला सांगितले. चेंडू प्रदर्शनाच्या काळापुरता उसना मिळाला आहे. नोंदपाटी : 'सामन्याचा चेंडू, चामडे आणि रबर, फुगा दुरुस्त केलेला.' वर्षाचा उल्लेख नाही. ठेवण्यासाठी आम्लमुक्त कागदाची गादी, दिव्याचा थेट प्रकाश नको.

६ एप्रिल, शनिवार

आजच्या बैठकीत एका शब्दावर तासभर चर्चा झाली. आमच्या कालरेषेवर युद्धवर्षांपुढे 'क्लब बंद' असे लिहिले होते. त्यावर क्लबमध्ये अनेक वर्षे जेवणाचा कारभार पाहिलेल्या एका ज्येष्ठ बाईंनी आक्षेप घेतला. सामने बंद होते, क्लब नव्हे, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या आईच्या पिढीतल्या ज्या बायका शनिवारी मैदानावर चहा-सँडविच करीत, त्याच बायका युद्धकाळात रेडक्रॉससाठी आणि ऑस्ट्रेलियन कम्फर्ट्स फंडासाठी मोजे विणत, केक डब्यांत बंद करून समुद्रापार पाठवत. कंट्री विमेन्स असोसिएशनच्या शाखांत लष्कराच्या तोफा-गाड्या झाकायची जाळी विणली जात होती. माणसे तीच, सभागृह तेच, किटलीही तीच. मुलगा बाहेरगावी गेला म्हणून कोणी घर बंद झाले म्हणत नाही.

मला त्यांचे म्हणणे शंभर टक्के पटले. कालरेषेवर आता 'स्पर्धात्मक सामने स्थगित' असे शब्द आहेत. तिसऱ्या फलकात, जो माझा नाही, बायकांच्या कामाचा भाग दुप्पट करायचा ठरले, आणि जागा करायला मी माझ्या लंडनच्या सामन्याच्या चौकटीतून चार ओळी सोडल्या.

१३ एप्रिल, शनिवार

शेवटची चौकट, १९४५. युद्ध १५ ऑगस्टला थांबले आणि २९ सप्टेंबरला प्रिन्सेस पार्कवर व्हीएफएलचा अंतिम सामना झाला. मैदानावर ६२,९८६ प्रेक्षक दाटीवाटीने उभे होते. कार्लटनने साउथ मेलबर्नला २८ गुणांनी हरवले, आणि सामना इतक्या मारामाऱ्यांचा झाला की आजही लोक त्याला 'रक्तस्नान' म्हणून ओळखतात. विजेत्या कार्लटनचा कप्तान होता बॉब चिटी, पीटरचा धाकटा भाऊ, तोही कजेवाचाच. एका घरातल्या दोघांपैकी एकाला युद्धवर्षांचे ब्राउनलो छावणीत मिळाले आणि दुसऱ्याने युद्ध थांबून दोन महिने व्हायच्या आत देशाच्या सर्वांत मोठ्या सामन्यात संघाचे नेतृत्व केले. मी दोघांची नावे एकाच ओळीत, सारख्याच आकाराच्या अक्षरांत ठेवली आहेत. रचनाकाराने कार्लटनच्या विजयाला मोठे शीर्षक सुचवले होते; मी विनंती केली आणि त्याने ते मान्य केले.

युद्ध संपले म्हणून रस्ते लगेच मोकळे झाले नाहीत, हेही एका ओळीत लिहिले आहे. पेट्रोलचे रेशनिंग, १९४९ मधला काही महिन्यांचा खंड सोडला तर, १९५० च्या फेब्रुवारीपर्यंत चालले. मैदानावर परतलेल्या क्लबांना सुरुवातीचे काही हंगाम चिठ्ठ्या मोजूनच प्रवास करावा लागला.

अंतिम पडताळणी : तारखा दोघांनी स्वतंत्रपणे तपासल्या. १९१६ च्या सामन्याचे गुण बेरीज करून पाहिले. सहा गोल आणि सोळा बिहाइंड म्हणजे ५२, चार गोल आणि बारा बिहाइंड म्हणजे ३६. बरोबर. मुद्रणप्रत पाठवली.

२१ एप्रिल, रविवार

फलक आज लावले. सातपैकी सहा सरळ बसले. चौथ्याच्या एका कोपऱ्याला भिंत किंचित फुगलेली असल्यामुळे मागे पुठ्ठ्याची पट्टी द्यावी लागली. चेंडू काचेच्या पेटीत ठेवला आहे, थिगळ दिसावे म्हणून फटीसमोर छोटा आरसा तिरका लावून. पेटी आधी मोठ्यांच्या छातीच्या उंचीवर होती. माझ्या आठ वर्षांच्या मुलाला त्यात काहीच दिसेना, म्हणून ती पंचवीस सेंटिमीटर खाली घेतली, आणि चाकाच्या खुर्चीवरून आलेल्या निवृत्त शिक्षकांनाही मग ती नीट दिसली. त्यांनी कालरेषा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, १९४१ पाशी बोट ठेवले आणि मान हलवली. गुरुवारी, अँझॅक दिनाच्या पहाटेच्या प्रार्थनेनंतर, सकाळी आठला दार उघडायचे आहे; किल्ली माझ्याकडे.